प्रोग्राम बंद पाडणारा पहारा

लग्नाचं शूटिंग करणारा एखादा दुकानदार नवी मशीन घ्यायचा. विंडोज एक्सपी जुनीच, व्हिडिओ चालवायला लागणारे कोडेक जुनेच, फोल्डरही जुन्या हार्ड डिस्कवरून जसेच्या तसे उतरवलेले. आणि क्लिपांचं फोल्डर उघडलं रे उघडलं की खिडकी मिटायची, खालची टास्कबार आणि डेस्कटॉपवरची चिन्हं दिसेनाशी व्हायची. थोड्या वेळाने सगळं परत यायचं, पण फोल्डर पुन्हा उघडलं की पुन्हा तेच. मध्ये पडद्यावर एक चौकट उमटायची. मजकूर असा की कॉम्प्युटरच्या सुरक्षिततेसाठी विंडोजने हा प्रोग्राम बंद केला आहे, आणि प्रोग्रामचं नाव विंडोज एक्सप्लोरर. चौकटीच्या माथ्यावर तीन शब्द: डेटा एक्झिक्युशन प्रिव्हेन्शन. पुढे लोक त्याला नुसतं डीईपी म्हणू लागले.

२००५ नंतरची काही वर्षं ही तक्रार जगभर ऐकू येत होती. अमरावतीचा राजकमल चौक असो की अकोल्याची जठारपेठ, मशीन दुरुस्त करणाऱ्यापुढे ती एकाच वाक्यात येई: "जुनीवर चांगलं चालत होतं भाऊ, नवीनवर काहून बंद पडून राह्यलं?"

प्रश्न सरळ होता, उत्तर नव्हतं. वऱ्हाडात कॉम्प्युटर बंद पडायला कारणांचा कधीच तुटवडा नव्हता. अकोल्याचा मे महिना ४५ अंशांपुढे जातो. त्या वर्षांत भारनियमनाने तासन्तास वीज नसे, आणि आली की व्होल्टेज कमी-जास्त होत येई. एसएमपीएस जळत, मदरबोर्डवरचे कपॅसिटर फुगत, पंख्याच्या पात्यांवर बोटभर धूळ साचे. म्हणून दुरुस्तीचा क्रम ठरलेला होता: कॅबिनेट उघडा, ब्लोअर मारा, रॅम काढून तिच्या सोनेरी पट्ट्या खोडरबराने घासा, परत बसवा. तेवढ्याने भागलं नाही तर व्हायरस स्कॅन, आणि शेवटी फॉरमॅट मारून विंडोज नव्याने टाकायची. बऱ्याच वेळा हा क्रम लागूही पडे, म्हणूनच तो रुळला होता. पण या नव्या तक्रारीपुढे तो थिटा पडला. फॉरमॅट मारून कोडेक पुन्हा टाकले की चौकट पुन्हा हजर.

कारण इथे मशीन बिघडलेली नव्हती. बिघडलेला होता तो कोडेक, आणि तोही आज नव्हे तर लिहिला गेला त्या दिवसापासून. जुनी मशीन त्याची चूक चालवून घेत होती. नवीने ती चालवून घ्यायला नकार दिला. हा नकार कुठून आला, त्याच्या मागे काय घडलं होतं, हे कळायला थोडं मागे जावं लागतं.

डॉसच्या काळात मेमरीला कसलाच पहारा नव्हता. एकदा चालू झालेला प्रोग्राम मेमरीत कुठेही वाचू शके, कुठेही लिहू शके. १९९० च्या जूनमध्ये भारतात सापडलेल्या 'जोशी' नावाच्या व्हायरसने हे दाखवून दिलं. तो फ्लॉपीच्या बूट सेक्टरमधून शिरे, मेमरीत ठाण मांडून बसे, आणि ५ जानेवारी उजाडली की मशीन अडवून पडद्यावर एक मागणी ठेवी: जोशीला वाढदिवसाच्या शुभेच्छा टाइप करा. त्या टाइप केल्या की मशीन मोकळी. लिहिणारा जोशी कोण, हे कधी उघड झालं नाही. याच फ्लॉपीच्या जमान्यात साताऱ्याच्या रहिमतपूरचे, पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करणारे कैलास काटकर आणि त्यांचे भाऊ संजय यांनी अँटिव्हायरस बनवायला घेतला. तोच पुढे क्विक हील या नावाने गावोगावच्या दुकानांत पोहोचला. अँटिव्हायरसचं काम मात्र ओळखपरेडीचं. ज्या व्हायरसचा नमुना आधी पाहिलेला आहे, तो पकडायचा. न पाहिलेल्याला अडवायचं तर बंदोबस्त मेमरीतच करायला हवा होता.

न पाहिलेला शिरायचा कसा? सर्वांत चालती युक्ती 'बफर ओव्हरफ्लो'ची. तहसीलमध्ये द्यायचा एखादा अर्ज डोळ्यांपुढे आणावा. वर अर्जदाराने नाव लिहायचा रकाना, खाली साहेबांच्या शेऱ्याची जागा. एखाद्याने नावाच्या रकान्यात इतकं लांबलचक लिहिलं की मजकूर खाली उतरून शेऱ्याच्या जागेत गेला, आणि कारकुनाने तो साहेबांचाच शेरा समजून अंमलात आणला, तर काय होईल? प्रोसेसरचं नेमकं हेच होई. प्रोग्राम काही माहिती घ्यायला मेमरीत ठरावीक जागा राखतो. त्या जागेला लागूनच, हे काम संपल्यावर पुढे कुठे जायचं, तो पत्ता ठेवलेला असतो. माहिती जागेपेक्षा लांब आली आणि प्रोग्रामने लांबी तपासली नाही, तर ती त्या पत्त्यावर जाऊन पडते. मग प्रोसेसर हल्लेखोराने लिहिलेल्या पत्त्यावर जातो, आणि तिथे माहिती म्हणून आलेला मजकूर हुकूम म्हणून पाळतो.

२ नोव्हेंबर १९८८ ला अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाचा विद्यार्थी रॉबर्ट मॉरिस याने सोडलेल्या वर्मने इतर युक्त्यांबरोबर हीसुद्धा वापरली, आणि तेव्हाच्या चिमुकल्या इंटरनेटवरच्या अंदाजे ६,००० मशीन ठप्प झाल्या. १९९६ मध्ये 'फ्रॅक' या हॅकरांच्या नियतकालिकात ही युक्ती पायरीपायरीने समजावून सांगणारा लेख आला, आणि ती कुणालाही शिकता येण्याजोगी झाली. २००१ च्या जुलैमध्ये 'कोड रेड'ने १४ तासांच्या आत साडेतीन लाखांवर सर्व्हर गाठले. २५ जानेवारी २००३ ला आलेला 'स्लॅमर' अवघा ३७६ बाइटचा होता. जगात जेवढ्या मशीन त्याला लागू शकत होत्या, त्यांतल्या बहुतेक त्याने १० मिनिटांत धरल्या.

पण घराघरांतल्या, सायबर कॅफेतल्या एक्सपीवाल्यांना हा धोका कळला तो ११ ऑगस्ट २००३ ला पसरू लागलेल्या 'ब्लास्टर'मुळे. मशीन इंटरनेटला जोडायची खोटी, एक चौकट येई आणि ६० पासून उलटे आकडे सुरू होत. शून्यावर मशीन रीस्टार्ट. ज्यांना माहीत होतं ते घाईघाईने रनमध्ये शटडाउनचा हुकूम देऊन पुढे वजा ए लिहीत, तेव्हा कुठे ते आकडे थांबत. ब्लास्टरला मशीन बंद पाडायची नव्हती, हे इथे समजून घेण्यासारखं आहे. समोर एक्सपी आहे की विंडोज २०००, याचा तो अंदाज बांधे आणि त्याप्रमाणे पत्ता फेकी. अंदाज चुकला की पत्ता भलतीकडे पडून विंडोजची आरपीसी ही मूलभूत सेवा कोसळे, आणि ती कोसळली की एक्सपी स्वतःला रीस्टार्ट करी. म्हणजे लोकांना दिसत होतं ते फसलेल्या हल्ल्याचं लक्षण. साधला त्यात पडद्यावर काही दिसेलच असं नव्हतं. ब्लास्टर ज्या भोकातून शिरे, त्याची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १६ जुलैलाच, जवळपास महिनाभर आधी, दिली होती. ती बहुतेकांनी टाकलीच नव्हती.

मेमरीतल्या माहितीला हुकूम म्हणून चालू द्यायचं नाही, ही कल्पना तशी फार जुनी. १९६१ च्या बरोज बी ५००० या मशीनमध्येच माहिती आणि हुकूम वेगळे ओळखायची सोय होती. पण १९८५ चा इंटेलचा ३८६ प्रोसेसर, ज्याच्या वंशातल्या प्रोसेसरांवर पुढे जवळजवळ सगळे घरगुती पीसी चालले, त्याच्या पानवार मेमरी-नोंदीत 'इथे लिहिता येईल का' याला एक बिट होता आणि 'इथलं चालवता येईल का' याला बिटच नव्हता. जे वाचता येतं ते चालवताही येतं, असा सरसकट हिशेब. मेमरीचे मोठे भाग करून त्यांना वेगळे हक्क द्यायची सोय त्या प्रोसेसरात होती, पण विंडोज आणि लिनक्स दोघांनीही सोयीसाठी सगळी मेमरी सलग धरली. इतक्या हल्ल्यांची वाट त्या एका न ठेवलेल्या बिटाने मोकळी ठेवली. १९९७ मध्ये 'सोलर डिझायनर' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रशियन तज्ज्ञाने लिनक्ससाठी आणि २००० पासून 'पॅक्स' प्रकल्पाने हा पहारा सॉफ्टवेअरने उभा करून दाखवला. २००३ मध्ये एएमडीने आपल्या ६४ बिटांच्या प्रोसेसरांत तो बिटच दिला. नाव एनएक्स, नोंदीतली जागा शून्यापासून मोजली तर ६३ वी, म्हणजे अगदी शेवटची. इंटेलने त्याला एक्सडी म्हटलं आणि २००४ च्या उत्तरार्धात आपल्या पेंटियम फोरमध्ये आणलं. मॉडेलच्या आकड्यापुढे 'जे' हे अक्षर असलं की तो बिट आहे, असं ओळखायचं.

हे पेंटियम फोर 'प्रेस्कॉट' घराण्यातले, म्हणजे उष्णतेसाठी बदनाम. त्यांतले काही ११५ वॅटपर्यंत वीज ओढत. अकोल्याच्या उन्हाळ्यात असा प्रोसेसर तापून मशीन अचानक बंद करी, आणि त्याच प्रोसेसरातला नवा बिट चुकलेले प्रोग्रामही बंद करी. एकाच चिपमधून दोन वेगळ्या तऱ्हेची बंदी! दोन्ही तक्रारी एकाच दिवशी घेऊन येणाऱ्या ग्राहकाला 'गरम होत असेल' असं सांगून वाटेला लावणाऱ्याला दोष देणं कठीण आहे.

ऑगस्ट २००४ मध्ये एक्सपीचा सर्व्हिस पॅक २ आला आणि विंडोज हा बिट वापरू लागली. पॅक होता २६६ एमबीचा. डायल-अपवर चांगला वेग मिळाला तरी तो उतरायला १२ तास लागणार, आणि बीएसएनएलचं ब्रॉडबँड यायचं होतं जानेवारी २००५ मध्ये. त्यामुळे तो इंटरनेटवरून येण्यापेक्षा सीडीवरून हातोहात फिरणंच साहजिक होतं. काळही मोक्याचा होता. एमकेसीएलचा एमएस-सीआयटी हा कॉम्प्युटरचा अभ्यासक्रम त्याआधीच सुरू झालेला, सरकारी नोकरीसाठी त्याचं प्रमाणपत्र लागू लागलेलं. तालुक्यातालुक्यांत केंद्रं निघाली आणि नव्या मशीन येऊ लागल्या. पॅक जुन्या मशीनवर टाकला तर डीईपीचं पान दिसे, पण खाली लिहिलेलं असे की या प्रोसेसरमध्ये ही सोय नाही. पहारा खऱ्या अर्थाने सुरू होई तो नव्या प्रोसेसरवर. 'जुनीवर चालतं, नवीवर नाही' हे कोडं इथे सुटतं.

एक्सपीत हा पहारा मुद्दाम आखडता ठेवला होता. आपणहून तो फक्त विंडोजच्या स्वतःच्या महत्त्वाच्या प्रोग्रामांवर बसे. बाकीच्यांना मोकळीक होती. मग कोडेक का सापडला? कारण तो स्वतंत्र चालत नव्हता. फोल्डरमधल्या क्लिपचं छोटं चित्र काढायला विंडोज एक्सप्लोरर त्याला आपल्या पोटात घेई. एक्सप्लोररवर पहारा होता, कोडेकने त्याच्याच मेमरीत माहितीच्या जागेवरून हुकूम चालवला, आणि शिक्षा झाली एक्सप्लोररला. चौकटीतही नाव त्याचंच. खऱ्या गुन्हेगाराचं नाव तिथे कुठेच नसे, आणि निदान अडे ते इथे. विंडोज सर्व्हर २००३ ची तऱ्हा वेगळी होती. मार्च २००५ च्या सर्व्हिस पॅकपासून तिथे सगळ्यांवरच पहारा होता, ज्यांची नावं यादीत घातली तेवढेच सुटत. तिथे हिशेबाचा जुना प्रोग्रामही थेट अडकू शके.

निदान करायचं कसं? याची रीत हळूहळू जमली आणि ती आजही लागू आहे. पहिली खूण नियमितपणाची. रॅम खराब असेल तर बंद पडण्याला ताळतंत्र नसतं. आज वर्ड, उद्या ब्राउझर, परवा निळा पडदा, आणि प्रत्येक वेळी चुकीचा पत्ता वेगळा. उष्णतेची बंदी दुपारी आणि कामाचा जोर असताना येते, आणि कसली चौकट न दाखवता अख्खी मशीनच विझवते. डीईपीची बंदी घड्याळासारखी. तोच प्रोग्राम, तीच कृती, सकाळी तसं रात्री. शंका उरली तर मेमटेस्टची सीडी लावून मशीन रात्रभर सोडायची. सकाळी लाल ओळ नसेल तर रॅमला हात लावायचं कारण नाही.

मग शोध एक्सप्लोररच्या पोटात शिरलेल्या पाहुण्याचा. एक्सपीत माय कॉम्प्युटरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, अॅडव्हान्स्ड, परफॉर्मन्सच्या सेटिंग्ज, तिसरा टॅब. पहारा कोणावर आहे ते तिथे दिसतं. पण तिथे काही बदलण्याआधी थंबनेल्स बंद करून तेच फोल्डर उघडून पाहायचं. आता टिकलं तर संशय कोडेकवर. फाइलवर राइट क्लिक केल्यावर मिटत असेल तर कुठल्या तरी प्रोग्रामने मेनूत घुसवलेलं जोडकाम तपासायचं. शेलएक्सव्ह्यू नावाचं छोटं मोफत साधन एक्सप्लोररला चिकटलेले असे सगळे पाहुणे यादीत दाखवी. परके तेवढे बंद करायचे, मग एकेक चालू करत जायचं. ज्याच्या वेळी चौकट येते तो दोषी. त्याची नवी आवृत्ती टाकायची, नसेल तर तो काढून टाकायचा. अर्ध्या तासाचं काम, फॉरमॅट नाही, डेटा जाण्याची भीती नाही.

दोषी म्हणजे वाईटच असंही नव्हे. जावासारखी काही साधनं वेगासाठी चालता चालता मेमरीत नवे हुकूम तयार करतात. चोरी होऊ नये म्हणून कुलूपबंद केलेले प्रोग्राम सुरू होताना स्वतःला मेमरीत उलगडतात. ब्राउझरमध्ये बसणारे जुने अॅक्टिव्हएक्स तुकडे ज्या तयार साच्यावरून बनत, तो साचाच माहितीच्या जागेत चिमूटभर हुकूम ठेवी. यांचा हेतू शुद्ध होता. विंडोजकडून 'ही जागा चालवण्यासाठी हवी' अशी रीतसर परवानगी घ्यायची, तेवढं त्यांनी केलेलं नव्हतं, कारण तोवर ती कुणी मागितलीच नव्हती. अशा प्रोग्रामचं नाव सूट देण्याच्या यादीत घालणं हा योग्य तात्पुरता उपाय होता.

याहून सोपा उपाय मात्र सांगोवांगी पसरला. सी ड्राइव्हमधल्या बूट डॉट आयएनआय या फाइलमध्ये एक शब्द बदलून 'ऑलवेज ऑफ' लिहायचं, की पहारा सगळ्यांवरून एकदम उठतो. किंवा बायोसमध्ये शिरून एक्सडी बिट डिसेबल करायचा. ग्राहक खूश, मशीन पाच मिनिटांत हातावेगळी. पण ही दुरुस्ती नव्हे. एका कोडेकपायी त्या मशीनमधल्या प्रत्येक सेवेचं दार उघडं टाकलं जाई, आणि ग्राहकाला त्याचा पत्ताही नसे. पतसंस्थेच्या काउंटरवरच्या किंवा एमएस-सीआयटीच्या लॅबमधल्या मशीनवर असं करणं हा पुढच्या संकटाला दिलेलं निमंत्रणच. संकट फार लांबही नव्हतं. २००८ च्या नोव्हेंबरात 'कॉन्फिकर' पसरू लागला. विंडोजच्या नेटवर्क सेवेतल्या ओव्हरफ्लोमधून तो शिरे, आणि पुढच्या अवतारांत पेन ड्राइव्हच्या ऑटोरनमधूनही. झेरॉक्सच्या दुकानातून कॉलेजात, कॉलेजातून घरी, अशी पेन ड्राइव्हची फिरती तेव्हा वऱ्हाडभर चाले.

डीईपी अभेद्य होता असं मात्र नाही. 'माहिती चालवता येत नाही ना, मग आधीपासून हजर असलेले हुकूमच आपल्याला हव्या त्या क्रमाने चालवू' ही पळवाट त्याच सोलर डिझायनरने १९९७ मध्येच दाखवली होती. २००५ मध्ये दोन संशोधकांनी विंडोजच्याच एका अंतर्गत फंक्शनला हाक मारून प्रोग्रामपुरता पहारा उठवता येतो, हे सिद्ध केलं. २००७ मध्ये होवाव शाखम यांनी सुट्या हुकुमांचे तुकडे जोडून वाटेल ते काम करून घेता येतं, असं मांडलं. अशा पळवाटांना उत्तर म्हणून व्हिस्टापासून विंडोज मेमरीतल्या जागांची दर वेळी अदलाबदल करू लागली, म्हणजे हल्लेखोराला पत्ताच सापडू नये. २००८ च्या सर्व्हिस पॅक ३ ने, एकदा बसवलेला पहारा प्रोग्राम चालू असताना उठवता येऊ नये, अशी सोय एक्सपीत आणली. मार्च २००९ च्या इंटरनेट एक्सप्लोरर ८ मध्ये तो ब्राउझरवरही आपोआप बसला, आणि जुने अॅक्टिव्हएक्स तुकडे घेऊन चालणाऱ्या वेबसाइटांवर बंद पडण्याची दुसरी लाट आली.

मग २०१२ चा ऑक्टोबर आला आणि त्याबरोबर विंडोज ८. तिने एनएक्स बिट ही अट केली. बिट नसेल तर ती बसायलाच तयार नाही. ज्या मशीनच्या बायोसमध्ये पूर्वी कुणी एक्सडी बंद करून ठेवला होता, त्यांवर सेटअप मध्येच थांबून शेवटी ५ डी असलेला एरर कोड दाखवी. बिचारा मालक प्रोसेसर जुना झाला असं समजून नव्या मशीनचा भाव काढायला लागे. प्रत्यक्षात बायोसमध्ये जाऊन ती एक ओळ पुन्हा एनेबल करायची, एवढंच काम होतं. ८ एप्रिल २०१४ ला एक्सपीचा अधिकृत सांभाळ संपला, आणि पहारा बंद करून चालवलेल्या मशीनही हळूहळू भंगारात गेल्या.

आता हाच पहारा आणखी खोल गेला आहे. विंडोज ११ मध्ये 'मेमरी इंटेग्रिटी' नावाची सोय विंडोजच्या गाभ्यात चालणाऱ्या ड्रायव्हरांवर नजर ठेवते, आणि जुन्या प्रिंटरचा किंवा बोटांचे ठसे घेणाऱ्या जुन्या यंत्राचा ड्रायव्हर त्या कसोटीला उतरला नाही तर त्याला आत घेत नाही. कधी निळा पडदा येतो आणि त्यावर नो-एक्झिक्यूट मेमरीतलं चालवण्याचा प्रयत्न झाला, अशी नोंद असते. फरक इतका की विंडोज सिक्युरिटीच्या पानावर अडणाऱ्या ड्रायव्हरच्या फाइलचं नाव छापून मिळतं. ते नाव वहीत उतरवून घ्यायचं, त्या यंत्राच्या कंपनीच्या साइटवरून नवा ड्रायव्हर उतरवायचा, जुना काढायचा, मशीन रीस्टार्ट करायची. नवा ड्रायव्हर निघालेलाच नसेल तर ते यंत्र बदलायला सांगायचं, आणि मेमरी इंटेग्रिटीचं बटण आहे तसंच चालू ठेवायचं.